पीआयसीयूतले अकरा दिवस : मण्यार चावलेलं मूल, व्हेंटिलेटर आणि आपण

रानजाई | 21 सप्टेंबर, रात्री 10:40

मंडळी, दीड महिना इकडे फिरकले नाही. माझा सात वर्षांचा मुलगा ऑगस्टमध्ये अकरा दिवस पीआयसीयूत होता, म्हणजे लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात. त्यातले आठ दिवस व्हेंटिलेटरवर. इथे त्याला सोन्या म्हणते, घरातही तेच म्हणतो. आता तो बरा आहे, शाळेत जातो, परवा वर्गात मारामारी करून आला. मला आता लिहिता येतंय म्हणून लिहिते, कारण त्या अकरा दिवसांत जे कळलं ते आधी माहीत असतं तर मी वेगळी वागले असते.

पंचमीला माहेरी गेले होते, अकोले तालुक्यात. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सगळी पोरं पडवीत गाद्या टाकून एका ओळीत झोपलेली. पहाटे चारला सोन्या उठून बसला, पोट दुखतंय म्हणून रडायला लागला. आदल्या दिवशी दिंडं खाल्ली होती, वाटलं पुरण बाधलं. आईने ओवा चावायला दिला, बेंबीभोवती हिंग लावला. साडेपाचला उलटी झाली. मग म्हणाला, "आई, डोळे उघडत नाहीत." मी म्हटलं झोप पुरी झाली नसेल. पाणी पाजायला गेले तर ते नाकातून बाहेर आलं. तेवढ्यात दादा गोठ्यातून आला, त्याने बॅटरी लावून सोन्याचं तोंड बघितलं आणि म्हणाला, "चप्पल घाल, गाडी काढतो."

अंगावर कुठेही खूण नव्हती. सूज नाही, रक्त नाही, मुंगी चावल्याएवढाही ठिपका नाही. शेजारचे म्हणत होते आधी देवऋषीकडे न्या, बाहेरचं असेल. दादाने ऐकून घेतलं आणि गाडी चालू केली. त्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर त्याची ऋणी आहे.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकच तरुण डॉक्टर होते. त्यांनी पापण्या बघितल्या, सोन्याला मान उचलायला सांगितली. उचलता आली नाही. मग त्यांनी मला विचारलं, "रात्री खाली झोपला होता का?" बस. तेवढ्यावर ते वळून सिस्टरना म्हणाले, "एएसव्ही काढा, दहा." सापाच्या विषावरचं ते इंजेक्शन पावडरच्या रूपात येतं, प्रत्येक बाटलीत पाणी घालून हळूहळू विरघळवावं लागतं. फेस होऊ नये म्हणून हलवायचं नाही, फिरवायचं. दोन सिस्टर दहा बाटल्या तळहातात धरून फिरवत होत्या, ते हात अजून डोळ्यांपुढे आहेत. मी घाबरून विचारलं, एवढ्याशा पोराला दहा? डॉक्टर म्हणाले, "सापाने वय बघून विष कमी सोडलेलं नाही, ताई. हे औषध विषाच्या हिशोबाने द्यायचं असतं."

औषध चालू असतानाच श्वास उथळ होत गेला. त्यांनी तिथेच घशातून नळी घातली आणि 108 बोलावली. नाशिकपर्यंत दोन तास 108 चे डॉक्टर श्वास देणारा फुगा हाताने दाबत होते. वाटेत एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या दारात वीस मिनिटं गेली. अनामत रक्कम भरल्याशिवाय आत घेणार नाही म्हणाले. मुलाच्या तोंडात नळी, गाडीत डॉक्टर फुगा दाबतायत आणि काउंटरवर माझा भाऊ एटीएमच्या पिनची बटणं चुकतोय. शेवटी त्या डॉक्टरांनीच गाडी वळवली आणि दुसरीकडे नेली. तिथे दारातच स्ट्रेचर घेऊन उभे होते.

पीआयसीयूचं मला आठवतं ते असं. चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे, हिरवा गाऊन. चार नंबरचा बेड. सोन्याच्या तोंडात नळी, नाकात दुसरी बारीक नळी, मानेत सलाईनची लाईन, लघवीची पिशवी, छातीवर तीन वायरी, बोटाला लाल दिवा. आणि तो हलत नव्हता. काहीच हलत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका नातेवाइकाने डॉक्टरांना बॅटरी मारताना बघितलं, बुबुळं मोठी झालेली, प्रकाशाला दाद देत नव्हती. त्यांनी बाहेर येऊन माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता यंत्रावरच चाललंय, किती दिवस ओढणार, सोडवून घरी न्या.

मी तशीच मोठ्या मॅडमकडे गेले. त्यांनी मला बसवलं नाही, हाताला धरून बेडपाशी नेलं. म्हणाल्या, "मण्यारीच्या विषाने बुबुळंसुद्धा लुळी पडतात. हे मेंदू गेल्याचं लक्षण नाही. त्याचे स्नायू झोपलेत, तो जागा आहे. त्याला सगळं ऐकू येतंय असं धरून बोला. आणि त्याच्या उशाशी वाईट काही बोलायचं नाही, कोणीही." मग मेंदूचा आलेख काढला तो दाखवला. रेघा जिवंत होत्या.

तीन दिवस मी त्याच्या उशाशी रडले होते. तो ऐकत होता.

त्यानंतर मी बोलायला लागले. बाबांच्या गोठ्यातल्या जनावरांची नावं, शाळेतली हजेरी, विहिरीवरची मोटर कशी चालू करायची, दोनपासून बारापर्यंत पाढे. रोज तेच. सातव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. मला भास वाटला, सिस्टरनाही दिसला. नवव्या दिवशी नळी काढली. आवाज घोगरा झाला होता, कानाशी लागून ऐकावं लागत होतं. पाणी मागितलं. संध्याकाळी म्हणाला, "तू सातचा पाढा चुकत होतीस."

कोणाला यातून जायची वेळ आली असेल किंवा या कामात कोणी असेल तर लिहा. मला अजून बरंच समजून घ्यायचंय.

*

पिंपळपार | 21 सप्टेंबर, रात्री 11:15

ताई, पोरगं हाताशी लागलं, यापुढे काय हवं. सातचा पाढा वाचून रडलो.

*

मेथीची_जुडी | 22 सप्टेंबर, सकाळी 7:02

सोन्याला खूप आशीर्वाद. एक विचारते. एनआयसीयू ऐकून माहीत आहे, भाचीचं बाळ होतं तिथे. पीआयसीयू वेगळं का लागतं? मोठ्यांच्या आयसीयूत लहान बेड टाकून भागत नाही का?

*

डॉ_बाळअतिदक्षता | 22 सप्टेंबर, दुपारी 2:30

रानजाई ताई, तुमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना माझा नमस्कार पोचवा. मुलगा तिथे वाचला. आमच्यासारखे पुढचे लोक नंतर काम करतात.

मेथीची_जुडी, एनआयसीयू नवजात बाळांसाठी, जन्मापासून 28 दिवसांपर्यंत. त्यानंतरची मुलं, अगदी दहावी-बारावीच्या वयापर्यंतची, पीआयसीयूत येतात. सरकारी व्यवस्थेत नवजात बाळांसाठी जिल्हा रुग्णालयांत एसएनसीयू म्हणजे त्यांचे खास विभाग उभे राहिले, त्याचा फार उपयोग झाला. पण बाळ दोन महिन्यांचं झालं की त्याला ती जागा नाही. तेच बाळ न्यूमोनिया घेऊन आलं तर तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला, असं रेफर होत फिरतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर 2021 मध्ये केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यात मुलांचे विभाग उभारायचा कार्यक्रम जाहीर केला, अनेक ठिकाणी यंत्रं आलीही. यंत्र चालवणारी शिकलेली माणसं घडायला मात्र वर्षं लागतात.

मोठ्यांच्या आयसीयूत का भागत नाही, तर मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही. आमच्याकडे आलेल्या आईला पहिला प्रश्न असतो, वजन किती? कारण जवळजवळ सगळी औषधं किलोच्या हिशोबाने जातात. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट डोस जातो, म्हणून दोन सिस्टर दोनदा गणित करतात. पंधरा किलोच्या मुलाच्या अंगात रक्तच मुळी सव्वा लिटरच्या आसपास असतं. ताईंच्या सोन्याच्या घशातली नळी पाच मिलिमीटरची असेल. त्या नळीत चिमूटभर कफ अडकला तरी रस्ता बंद.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलं खूप वेळ तोल सांभाळून धरतात. मोठ्या माणसाचा रक्तदाब हळूहळू उतरताना दिसतो. मुलाचा शेवटपर्यंत बरा असतो, आणि एकदा पडला की पडतोच. म्हणून आम्ही रक्तदाबाची वाट बघत नाही. हातपाय गार आहेत का, नाडी किती धावतेय, मूल आईकडे बघतंय का, हे बघतो. तुम्ही घरीही बघू शकता. मुलाचा हात छातीच्या पातळीवर धरून नख पाच सेकंद दाबा आणि सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. आजारी मुलाचं तीन-चार सेकंद लागले तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, निघा.

मण्यारीबद्दल. तिचं विष नसांची जिथे स्नायूंशी गाठ पडते तिथलं टोकच खराब करतं. एएसव्ही रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं, पण एकदा टोक बिघडलं की त्याला दुरुस्त करता येत नाही. ते शरीराने नव्याने बांधायचं असतं, त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास आपण द्यायचा. एवढंच उपचाराचं सूत्र आहे, आणि ते नीट सांभाळलं तर मूल पूर्ण बरं होतं, मागे काही राहत नाही. ज्यांना कोणी तिसऱ्या दिवशी घरी नेतं, त्या मुलांचा विचार मनातून जात नाही.

*

सिस्टर_विदर्भ | 22 सप्टेंबर, रात्री 9:48

मी पंधरा वर्षं पीआयसीयूत नर्स आहे. आत काय चालतं ते बाहेर बसलेल्यांना दिसत नाही, म्हणून सांगते.

असं लुळं पडलेलं मूल पापणी मिटू शकत नाही किंवा नीट उघडू शकत नाही. बुबुळ कोरडं पडून जखम होते. दर काही तासांनी डोळ्यांत मलम घालायचं, हलक्या हाताने पापण्या बंद करायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, कानाच्या पाळीवर, डोक्याच्या मागे जखमा होतात. मुलांचं डोकं जड असतं, म्हणून डोक्याच्या मागची जखम मुलांत जास्त. तोंड पुसायचं, हिरड्या पुसायच्या, बेडचं डोकं तीस अंश वर ठेवायचं, म्हणजे तोंडातली घाण फुप्फुसात जात नाही. सक्शन करताना मुलाला सांगायचं, "बाळा, आता खोकला येईल, थोडंसंच." तो हलत नसला तरी सांगायचं. मी माझ्या हाताखालच्या मुलींना हे पहिल्या दिवशी शिकवते.

व्हेंटिलेटरच्या मुलामागे एक सिस्टर असावी असं शिकवलं जातं. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे रात्री एकीकडे दोन-तीन मुलं असायचीच. अलार्म एकदम दोन वाजले की कुठे धावायचं? सिस्टर तुटक बोलली म्हणून राग धरू नका, एवढीच विनंती. तुटक बोलणं चूकच आहे, पण ती बहुतेक वेळा दुसऱ्या बेडकडे धावत असते.

आईवडिलांनी काय आणावं? मुलाचं रोजचं पांघरूण धुऊन, उन्हात वाळवून. घरातला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून. मुलगा घरी कोणत्या नावाने ओ देतो ते आम्हाला सांगा. केसपेपरवरचं नाव घेऊन हाक मारली तर पोरं दचकतात.

*

रानजाई | 22 सप्टेंबर, रात्री 10:20

सिस्टर, आमच्या रात्रपाळीच्या सिस्टर त्याला "सोन्या" म्हणायला लागल्या तेव्हाच मला पहिल्यांदा दोन तास झोप लागली.

*

सरळमार्गी | 23 सप्टेंबर, सकाळी 9:10

कोणाचं मन दुखवायचं नाही, पण आमच्या भागात सगळे म्हणतात की व्हेंटिलेटरवर टाकलं की संपलं, आणि बिल वाढवायला ठेवतात. माझ्या मित्राच्या मुलीचं एका खासगी ठिकाणी चार दिवसांचं बिल साडेतीन लाख झालं. विश्वास ठेवायचा कसा?

*

डॉ_बाळअतिदक्षता | 23 सप्टेंबर, दुपारी 3:05

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो राऊंडच्या वेळी तोंडावर विचारायला हवा. रोज तीन गोष्टी विचारा. कालच्यापेक्षा आज काय बदललं? यंत्राचा आधार वाढवला की कमी केला? पुढच्या चोवीस तासांत तुम्हाला कशाची भीती वाटते? जे डॉक्टर या तिन्हींची साध्या मराठीत उत्तरं देतात त्यांच्यावर विश्वास ठेवा. जे टाळतात त्यांना दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ का असं स्पष्ट विचारा, त्यात अपमान काही नाही.

"टाकलं की संपलं" हे मात्र मुलांच्या बाबतीत खरं नाही. न्यूमोनिया, फिट न थांबणं, जीबीएस (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार), साप, विंचू, दम्याचा मोठा झटका, यांतली बहुतेक मुलं वेळेत आली तर यंत्रावरून उतरतात. यंत्र आजार बरा करत नाही. आजार ओसरेपर्यंत मुलाची दमणूक स्वतःवर घेतं.

*

रानजाई | 23 सप्टेंबर, संध्याकाळी 6:40

पैशाचं मी सांगते, कारण आमच्याकडे नव्हते. रुग्णालयात दारातच एक टेबल असतं, तिथे आरोग्यमित्र बसतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं काम तेच बघतात. रेशनकार्ड आणि आधार लागतं. सोन्याचं आधार गावाला राहिलं होतं, वहिनीने फोटो पाठवला. आमची केस योजनेत बसली. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत होतं, आता पाच लाख झालंय. पहिल्या दिवशी आम्ही भरलेले पैसे आणि बाहेरून आणलेली दोन औषधं तेवढी खिशातून गेली. रुग्णालय योजनेत आहे का हे 108 मध्येच विचारा, आत गेल्यावर नाही.

*

तहसील_रोड | 23 सप्टेंबर, रात्री 8:55

याला जोडून. ट्रस्टची जी मोठी रुग्णालयं आहेत, त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना आहे ती. त्यातच असं आहे की तातडीच्या रुग्णाला ट्रस्टच्या रुग्णालयाने आधी आत घ्यायचं आणि जिवाचा धोका टळेपर्यंत उपचार द्यायचे. दारात अनामत मागून थांबवलं तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून मिळतो, तो नंतर आणून दिला तरी चालतो हे तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडून लिहून घ्या. मी या कामात बारा वर्षं नातेवाइकांबरोबर फिरतोय, लिहून घेतलेलं नंतर बदलत नाही.

*

निळासावळा | 24 सप्टेंबर, रात्री 12:30

मला इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. माझी मुलगी नऊ वर्षांची होती. 2019 चा ऑक्टोबर, डेंग्यू. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी सकाळी उतरला. आम्ही देवासमोर साखर ठेवली. ती मात्र पडून होती, पोट दुखतंय म्हणत होती, दोनदा उलटी झाली, हात गार लागत होते. आम्हाला वाटलं ताप गेल्यावर अंग गारच लागणार. रात्री आठला पीआयसीयूत पोचलो तेव्हा नाडी लागत नव्हती. त्यांनी पहाटेपर्यंत हातपाय मारले. मला शेवटी त्यांनी तिला मांडीवर घेऊ दिलं, नळ्यांसकट. एका सिस्टरनी माझ्या पाठीमागे उशी ठेवली.

ताप उतरला म्हणजे बरं झालं असं नसतं. एवढं कोणाला तरी कळावं म्हणून लिहिलं.

*

रानजाई | 24 सप्टेंबर, सकाळी 6:15

दादा, लिहिलंत ते चांगलं केलंत. तिच्या आवडीचं काही सांगावंसं वाटलं तर इथे सांगा, आम्ही वाचू.

*

डॉ_बाळअतिदक्षता | 24 सप्टेंबर, सकाळी 8:20

निळासावळा, तुम्ही चुकला नाहीत. हे न कळण्यासारखंच आहे, डॉक्टरांनाही फसवतं. डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरताना सुरू होतात, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत साठतं. सगळ्यांनी लक्षात ठेवा: ताप उतरल्यावर मूल खेळायला लागलं, खायला मागितलं तर बरं. ताप उतरूनही पडून राहिलं, पोट दुखत राहिलं, उलट्या होत राहिल्या, हातपाय गार पडले, सहा तासांत लघवी झाली नाही, तर त्याच तासाला दवाखान्यात न्या. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावर जाऊ नका.

*

कोकणवाट | 24 सप्टेंबर, दुपारी 1:45

साप-विंचवाचा विषय निघालाय म्हणून. आमच्या लहानपणी महाडकडे लाल विंचू चावलेली मुलं जायचीच. चावल्या जागी आग आग, मग अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, हातपाय बर्फासारखे, आणि काही तासांत फेसाळ खोकला. फुप्फुसात पाणी भरायचं. डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथेच प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्यांनी एकेका मुलाच्या उशाशी रात्र काढून हे नोंदवलं आणि 1980 च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यावर वापरली. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण एकदोन टक्क्यांवर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले. माझा चुलतभाऊ त्या गोळीवर वाचलेला आहे, आज चार एकर हापूस सांभाळतो.

*

बेलाचं_पान | 24 सप्टेंबर, रात्री 10:05

ताईंनी 108 मधल्या फुग्याचं लिहिलं आणि माझे हात आठवले. 2014 ला माझ्या पुतण्याला फिट थांबेना म्हणून एका सरकारी रुग्णालयात नेलं. नळी घातली, पण व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. फुगा आमच्या हातात दिला. सिस्टरनी शिकवलं, मनात एक-दोन-तीन म्हणायचं आणि दाबायचं, छाती उचलली पाहिजे, जोर करायचा नाही. मिनिटाला वीस. तासाला बाराशे. आम्ही पाच जण, एकोणीस तास. दर अर्ध्या तासाने माणूस बदलायचा. डोळा लागेल म्हणून उभं राहून दाबायचो. पहाटे माझी लय चुकली तर शेजारच्या बेडवरची बाई, जिची स्वतःची मुलगी तापाने फणफणली होती, ती मोठ्याने मोजायला लागली, "एक, दोन, तीन, दाब भाऊ." दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र मिळालं. पुतण्या वाचला. पण हे काम घरच्यांवर यायलाच नको होतं. त्याच रात्री त्याच वॉर्डात एक मूल गेलं, त्याच्या घरचे दोघेच होते.

*

डॉ_बाळअतिदक्षता | 25 सप्टेंबर, रात्री 11:10

बेलाचं_पान, तुम्ही जे केलंत त्यातूनच आयसीयू जन्माला आलं. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू गेलेली मुलं रोज दाखल होत होती आणि रुग्णालयात श्वास देणारी यंत्रं सात-आठच होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑगस्टमध्ये एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला भोक पाडून घेऊन नळी घातली आणि फुग्याने हाताने श्वास दिला. ती वाचली. मग शहरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं. जवळपास दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने मुलांच्या उशाशी बसून फुगे दाबत होते, महिनोन् महिने. त्याआधी असे रुग्ण दहात आठ-नऊ दगावत, ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अशा रुग्णांना एका जागी ठेवायचं, रात्रंदिवस माणूस उशाशी हवा, ही कल्पना तिथून आली. 1955 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये फक्त मुलांसाठीचा पहिला असा विभाग निघाला. आपण ज्याला अंबू बॅग म्हणतो ती 1956 ची, तीही डेन्मार्कचीच.

ते विद्यार्थी होते, शिकलेले, पाळ्या लावलेले. सत्तर वर्षांनी आपल्याकडे मुलाच्या काकाने झोप मारून ते करावं हे मला मान्य नाही. मी स्वतः निवासी डॉक्टर असताना नातेवाइकांच्या हातात फुगा दिलेला आहे. त्यांचे चेहरे आठवतात.

*

थेम्सकाठ | 26 सप्टेंबर, पहाटे 3:40

मी लंडनमध्ये असते. दोन हिवाळ्यांपूर्वी माझं चार महिन्यांचं बाळ आरएसव्ही (श्वासमार्गाचा विषाणू) होऊन पीआयसीयूत होतं, सहा दिवस. इथे आईवडिलांना भेटीच्या वेळा नव्हत्या. बेडशेजारी आरामखुर्ची, रात्री झोपायला जवळच खोली. राऊंड चालू असताना मी तिथेच उभी असायचे, मलाही विचारायचे. आपल्याकडे दिवसातून दोनदा दहा मिनिटांचीच भेट का? सोन्याच्या आईने पाढे म्हणायला आणखी वेळ मिळाला असता तर?

*

सिस्टर_विदर्भ | 26 सप्टेंबर, दुपारी 4:15

मला आईला आत ठेवायला आवडेल. पण आमच्या दोन बेडमध्ये दीड हात जागा आहे. एक आई आली की पाठोपाठ मामा, आत्या, गावचे सरपंच. एका मुलाचा जंतू दुसऱ्याला गेला तर ते मूल त्यानेच दगावू शकतं. पण ताई म्हणतात त्यातही खरं आहे. आमच्याकडे मॅडमनी वर्षापूर्वी एक केलं: प्रत्येक मुलामागे एकच माणूस, नाव लिहून, हात धुण्याची पद्धत शिकवून, दिवसा सहा तास आत. मुलांच्या आया मलम घालायला, तेल लावून हातपाय हलवायला शिकल्या. आमचं काम वाढेल वाटलं होतं, ते कमी झालं.

*

डॉ_बाळअतिदक्षता | 26 सप्टेंबर, रात्री 9:30

सिस्टरांशी पूर्ण सहमत. ही पद्धत मी आमच्या विभागात मांडतो आहे. हात कसे धुवायचे याचा तुमचा तक्ता संपर्कातून पाठवाल का?

*

मेथीची_जुडी | 27 सप्टेंबर, सकाळी 10:00

रानजाई, एक साधा प्रश्न. आमच्याही गावी सगळे खालीच झोपतात. आता तुम्ही काय बदललं?

*

रानजाई | 27 सप्टेंबर, रात्री 9:20

डिस्चार्जच्या दिवशी मॅडमनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं होतं. मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचा. नुसती लोंबती ठेवली तर उपयोग नाही, साप खालून शिरतो. रात्री उठलं तर आधी बॅटरी, मग पाय. गादीजवळ धान्याची पोती नको, उंदीर येतात आणि उंदरांमागे मण्यार येते. कारण नसताना पहाटे पोट दुखलं आणि पापण्या जड झाल्या तर खूण शोधत बसू नका, निघा.

दादाने पडवीतली पोती मागच्या खोलीत नेली. सहा बाय सात फुटांच्या चार मच्छरदाण्या घेतल्या. आई अजून कुरकुर करते की आत गुदमरतं. सोन्या रोज व्हिडिओ कॉलवर तिला कड उचलून दाखवायला लावतो, चारही कोपरे. सुताराला पलंगाचं सांगितलंय, दिवाळीपर्यंत देतो म्हणाला.